वैद्यांच्या तोंडचा धूर

गेल्या वर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेच्या सभागृहांत एका डॉक्टरसाहेबांचें व्याख्यान झालें. विषय तंबाखूचे दुष्परिणाम हा होता. असल्या विषयांत विद्यार्थ्यांस फारशी गोडी नसते हें आम्हांस ठाऊक आहे. मागच्या बाकांवर नेहमींची कुजबुज चालू होती, आणि डॉक्टरसाहेबही पाठ केलेलें म्हणून दाखवावें तसे बोलत होते. शेवटीं शंका विचारण्यास सांगण्यांत आलें, तेव्हां नववींतील एक मुलगा उभा राहिला व त्यानें विचारलें, "साहेब, आपण स्वतः सिगारेट ओढतां का?" सभागृहांत एकदम शांतता पसरली. शिक्षकमंडळींनीं डोळे वटारले. डॉक्टरसाहेबांनीं चष्मा काढला, पुसला व पुन्हा डोळ्यांवर ठेविला. मग ते म्हणाले, "ओढत होतों. अठरा वर्षें ओढली. तीन वेळां सोडली. पहिल्या दोन वेळां पुन्हा धरली. तिसऱ्या खेपेस सुटली, त्यास आतां सहा वर्षें झालीं." त्यानंतर अर्धा तास ते जें बोलले तें हातांतील कागद न पाहतां बोलले, आणि मागच्या बाकांवरही कोणी कुजबुजलें नाहीं.

तो प्रश्न उद्धटपणाचा होता कीं योग्य होता, यावर शिक्षकांच्या खोलींत बराच वाद झाला. आमचें मत असें कीं, प्रश्न योग्य तर होताच, शिवाय फार जुनाही होता. वैद्यानें आधीं स्वतःस बरें करावें अशा अर्थाची म्हण शुभवर्तमानांत आली आहे. लोकांस ब्रह्मज्ञान सांगून आपण कोरडा पाषाण राहणाऱ्याची थट्टा आपल्याकडेही होत आली आहे. परंतु तंबाखूच्या बाबतींत या प्रश्नाचा इतिहास कांहीं निराळाच आहे. तंबाखूनें मनुष्य मरतो हें जगास ज्या पुराव्यानें पटलें, त्या पुराव्याचा मोठा भाग डॉक्टरांच्याच सिगारेटींतून व डॉक्टरांच्याच मृत्यूंतून निघाला आहे. तो इतिहास आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिगारेट ओढणें डॉक्टरास शोभत नाहीं असें फारसें कोणास वाटत नसे. इ. स. १९४६ सालीं अमेरिकेंतील कॅमल सिगारेटच्या कंपनीनें एक जाहिरात सुरू केली. तींत पांढरा अंगरखा घातलेला प्रसन्नमुख डॉक्टर दाखविलेला असे, आणि डॉक्टर लोक इतर कोणत्याही सिगारेटपेक्षां कॅमलच अधिक ओढतात, असा मजकूर असे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचें नियतकालिकदेखील १९५३ सालापर्यंत सिगारेटच्या जाहिराती छापीत होतें. जाहिरातीस नट, नट्या व खेळाडू हवे तितके मिळत असतां कंपनीस डॉक्टरच कां हवा होता? कारण उघड आहे. सिगारेटीनें घसा खवखवतो, खोकला येतो, हें ओढणाऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं. त्याच्या मनांत भीति असतेच. ती भीति घालविण्यास डॉक्टरच्या हातांतील सिगारेटीसारखें दुसरें औषध नव्हतें. म्हणजे आमच्या नववींतील मुलानें जो प्रश्न विचारला तो सिगारेटवाल्यांनीं फार पूर्वींच ओळखला होता. उत्तर मात्र त्यांनीं आपल्या सोयीचें छापलें.

याच सुमारास इंग्लंडांत फुप्फुसाच्या कर्करोगानें मरणाऱ्यांची संख्या झपाट्यानें वाढत होती. कोणी म्हणे, हा मोटारींच्या धुराचा परिणाम. कोणी रस्त्यांवर ओतल्या जाणाऱ्या डांबरास दोष देई. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या वतीनें या कारणाचा शोध करण्याचें काम ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल व रिचर्ड डॉल या दोघांकडे आलें. हिल हे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांस डॉक्टर व्हावयाचें होतें. परंतु पहिल्या महायुद्धांत वैमानिक असतां त्यांस क्षय जडला आणि तो मार्ग बंद झाला. डॉल हे तरुण डॉक्टर होते, आणि स्वतः सिगारेट ओढीत होते. त्यांचा पहिला संशय मोटारींवर व डांबरावर होता हें त्यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे.

या दोघांनीं लंडनमधील २० रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी शोधले. प्रत्येकाच्या जोडीस त्याच वयाचा पण दुसऱ्या रोगानें आजारी असलेला रोगी घेतला, आणि दोघांस तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष १९५० सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाले. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत सिगारेट वा अन्य प्रकारें तंबाखू न ओढणारे अवघे २ निघाले. दुसऱ्या रोगांच्या तितक्याच पुरुषांत असे २७ होते. हा फरक प्रथमदर्शनीं लहान वाटेल. पण त्या काळीं तिकडे न ओढणारा पुरुषच दुर्मिळ होता, आणि जेथें बहुतेक सर्वच ओढतात तेथें ओढण्याचा दोष डोळ्यांस दिसणें किती कठीण असतें हें त्यावरून कळतें. या शोधांतील एक बारीकशी गोष्ट आम्हांस विशेष आवडली. कांहीं रोग्यांस प्रथम फुप्फुसाचा कर्करोग आहे असें समजून प्रश्न विचारण्यांत आले होते; पुढें तपासाअंतीं तो रोग नाहीं असें ठरलें. या लोकांच्या ओढण्याच्या संवयी कर्करोगवाल्यांसारख्या नव्हत्या, इतर रोग्यांसारख्याच होत्या. तेव्हां विचारणाराच्या मनांतील ग्रहामुळें आकडे तसे आले असावेत ही शंका राहिली नाहीं. काम पुरें होण्याच्या आंतच डॉल यांनीं सिगारेट सोडली.

अमेरिकेंत मात्र एका मोठ्या शस्त्रवैद्यास इतकी उसंत मिळाली नाहीं. सेंट लुई शहरांतील एव्हार्ट्स ग्रॅहम यांनीं १९३३ सालीं कर्करोग झालेलें एक संबंध फुप्फुस काढून रोग्यास वांचविलें. असें यश त्यापूर्वीं कोणास आलें नव्हतें. तो रोगी स्वतः डॉक्टर होता. ग्रॅहम सिगारेटचे मोठे भोक्ते होते. तंबाखूचा खप व कर्करोग बरोबरीनें वाढत आहेत असें कोणी म्हटल्यास, स्त्रियांच्या नायलॉनच्या पायमोज्यांचा खपही वाढलाच आहे, असें ते म्हणत असें सांगतात. अर्न्स्ट विंडर नांवाच्या एका विद्यार्थ्यानें या विषयाचा तपास करण्याची परवानगी मागितली, ती त्यांनीं दिली. १९५० सालीं दोघांच्या नांवें जो लेख प्रसिद्ध झाला त्यानें तंबाखूचाच दोष दाखविला. ग्रॅहम यांनीं पुराव्यापुढें मान वांकविली व पुढें सिगारेटही सोडली. पण फार उशीर झाला होता. १९५७ सालीं त्यांच्या दोन्ही फुप्फुसांत तोच रोग आढळला, आणि त्याच वर्षीं ते वारले. त्यांनीं वांचविलेला तो डॉक्टर तेव्हां हयात होता.

आतां पुन्हा इंग्लंडांत येऊं. रुग्णालयांत आजारी पडलेल्या माणसास त्याच्या गतायुष्याविषयीं विचारणें हा पुरावा कांहींसा लंगडाच, असा आक्षेप निघाला, आणि तो अगदींच चुकीचा नव्हता. यावर उपाय एकच होता: धडधाकट माणसांस आज विचारून ठेवावें व पुढें त्यांचें काय होतें तें पाहत बसावें. पण अशीं हजारों माणसें कोठून आणावीं, आणि तीं वर्षानुवर्षें डोळ्यांआड कशीं होऊं नयेत? हिल व डॉल यांनीं डॉक्टरांचीच निवड केली. डॉक्टरांचीं नांवें सरकारी नोंदवहींत असतात, त्यांचे पत्ते सांपडतात, आणि त्यांच्या मृत्यूचें कारणही नीट नोंदलें जातें. १९५१ च्या ऑक्टोबरांत ब्रिटनमधील सुमारें साठ हजार डॉक्टरांस पत्रें गेलीं. प्रश्न थोडेच होते: आपण ओढतां काय, पूर्वीं ओढून सोडली काय, कीं मुळींच ओढली नाहीं, ओढत असल्यास किती, व कोणत्या वयापासून. चाळीस हजारांहून अधिक उत्तरें आलीं. त्यांत पुरुष ३४,४३९ होते. उत्तर पाठविल्यानंतर त्या डॉक्टरांस विशेष कांहीं करावयाचें नव्हतें. मधूनमधून येणाऱ्या पत्रास पुन्हा उत्तर द्यावयाचें, आपापला धंदा करावयाचा, आणि ज्याची वेळ येईल त्यानें मरावयाचें, एवढेंच काम होतें.

अडीच वर्षांच्या आंतच आकडे बोलूं लागले. १९५४ च्या जूनमध्यें पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. पस्तीस वर्षांवरील पुरुष डॉक्टरांपैकीं ३६ जण फुप्फुसाच्या कर्करोगानें वारले होते, आणि त्या छत्तिसांत न ओढणारा एकही नव्हता. जो जितकी अधिक ओढी तितका त्यास धोका अधिक, असा क्रमही दिसून आला. हा अहवाल ज्या नियतकालिकांत आला तें डॉक्टर लोकांच्या टेबलावर दर आठवड्यास येत असे. दुसऱ्यांच्या रोगांविषयीं वाचावयाची ज्यांस संवय, त्यांनीं या वेळीं स्वतःविषयीं वाचलें. कित्येकांनीं तें पान उलटतांना हातांतील सिगारेटीकडे पाहिलें असेल अशी कल्पना आम्ही करूं शकतों. हजारों डॉक्टरांनीं पुढील वर्षांत ओढणें सोडलें. आणि त्याचा परिणाम असा झाला कीं, इतर पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यु वाढत असतां डॉक्टरांत ते कमी होऊं लागले. तंबाखूवाल्यांचा जो शेवटचा आक्षेप होता, कीं ओढण्याची आवड व कर्करोग हीं दोन्ही रक्तांतूनच येत असतील, त्यास याहून चोख उत्तर कोणतें?

१९६२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें आपला अहवाल काढला. १९६४ च्या जानेवारींत अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनीं दहा तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या दहांत पांच जण ओढणारे व पांच न ओढणारे असे मुद्दाम घेतले होते. टेरी यांसही तें व्यसन होतें. निर्णय मात्र सर्वांचा एकच पडला.

डॉल यांनीं ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा शेवटपर्यंत सोडला नाहीं. पहिल्या अहवालास बरोबर ५० वर्षें झालीं त्या दिवशीं, २६ जून २००४ रोजीं, रिचर्ड पीटो व इतर सहकाऱ्यांसह त्यांनीं शेवटचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हां त्यांचें वय ९१ वर्षांचें होतें. जन्मभर सिगारेट ओढणारा सरासरीनें दहा वर्षें आधीं मरतो, आणि ओढत राहणाऱ्यांपैकीं निदान निम्मे त्या ओढण्यानेंच मरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. परंतु त्याच अहवालांतील दुसरे आकडे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात. साठाव्या वर्षीं सोडली तर सुमारें ३ वर्षें पदरांत पडतात, पन्नासाव्या वर्षीं सोडली तर ६, चाळिसाव्या वर्षीं ९, आणि तिसाव्या वर्षीं सोडली तर गेलेलीं दहाही वर्षें बहुतेक परत मिळतात. "आतां सोडून काय उपयोग?" असें जे म्हणतात त्यांस हा हिशेब दाखवावा. तो हजारों डॉक्टरांच्या आयुष्यांवरून मांडलेला आहे.

हें सर्व कळलें; पण रोग्याची सुटावी कशी? येथें आमच्या व्याख्यात्या डॉक्टरसाहेबांनीं जें सांगितलें तें प्रथम सांगतों. ते म्हणाले कीं, स्वतः ओढत होतों तेव्हां मी रोग्यास भूक, झोंप, शौच सारें विचारी. तंबाखूचा एक प्रश्न तेवढा गाळीत असें. कोटाच्या खिशांत पाकीट असतां तो प्रश्न ओठांवर येत नसे. ही केवळ एका माणसाची लाज नव्हे. अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत असेंच आढळलें आहे कीं, जो डॉक्टर स्वतः ओढतो तो रोग्यास सोडण्याविषयीं कमी वेळां सांगतो. म्हणजे डॉक्टरच्या सिगारेटीनें त्याचें स्वतःचें फुप्फुस तर बिघडतेंच, शिवाय त्याच्या दारांत बसलेल्या रोग्याची संधिही जाते.

आणि ती संधि किती मोलाची असते हें १९७९ सालीं लंडनच्या मायकेल रसेल या मानसरोगतज्ज्ञानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोजून दाखविलें. पांच दवाखान्यांतील २८ डॉक्टरांकडे येणाऱ्या २,१३८ ओढणाऱ्यांचे त्यांनीं गट पाडले. ज्यांस कोणी कांहीं विचारलें नाहीं त्यांतील हजारीं ३ जण वर्षभर ओढण्यापासून दूर राहिले. ज्यांस डॉक्टरांनीं एकदोन मिनिटें, सोडाच म्हणून, स्पष्ट सांगितलें त्यांतील शेंकडा ३.३, आणि ज्यांस त्याशिवाय एक छापील पत्रकही दिलें व पुन्हा चौकशी करूं असें बजावलें, त्यांतील शेंकडा ५.१. शंभरांत पांच! आमच्यांतील एका गणिताच्या शिक्षकांनीं हा आकडा ऐकून नाक मुरडलें. पण तेच पुढें फळ्यावर हिशेब करूं लागले: एका डॉक्टरकडे वर्षास ओढणारे पांचशें आले तर पंचवीस सुटले, तालुक्यांत असे वीस डॉक्टर असले तर पांचशें सुटले, आणि खर्च किती, तर माणशीं दोन मिनिटें. दुसरी कोणती शस्त्रक्रिया इतक्या स्वस्तांत होते, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

बाकीचे पंचाण्णव कां सुटत नाहींत याचें उत्तर निकोटीन या द्रव्यांत आहे. झुरका घेतल्यापासून कांहीं सेकंदांतच तें मेंदूपर्यंत पोहोंचतें. इतकी घाई सुईनें टोंचलेल्या औषधासही जमत नाहीं. सोडल्यावर पहिला आठवडा सर्वांत वाईट जातो. चिडचिड होते, झोंप उडते, कामांत लक्ष लागत नाहीं, भूक वाढते. मग दोन-चार आठवड्यांत हें हळूहळू ओसरतें. मनुष्य निकोटीनसाठीं ओढतो आणि मरतो मात्र धुरांतील इतर विषांनीं, हें ध्यानीं आल्यावर, निकोटीन धुराशिवाय द्यावें अशी युक्ति निघाली. ती स्वीडनांत सुचली. पाणबुडींत सिगारेट ओढतां येत नसल्यानें तेथील खलाशी तंबाखू तोंडांत धरीत व त्यांचें भागे. त्यावरून ओव्ह फर्नो यांनीं निकोटीनचें चघळण्याचें औषध तयार केलें. त्वचेवर चिकटविण्याच्या पट्ट्या त्यानंतर आल्या. बल्गेरियांत पिवळ्या फुलांच्या एका झाडापासून काढलेलें सायटिसिन १९६४ पासून याच कामीं देत आले आहेत. व्हॅरेनिक्लिन हें नवें औषध २००६ पासून मिळूं लागलें. हीं औषधें डॉक्टरच्या सल्ल्यानेंच घ्यावयाचीं असतात हें निराळें सांगावयास नको. त्यांनीं तलफ जात नाहीं, ती आटोक्यांत येते. उरलेलें काम माणसाचें, आणि त्याच्या पाठीशीं कोणी असल्यास त्याचें.

आमच्या डॉक्टरसाहेबांची रीत साधी आहे. रोग्याशीं ते भांडत नाहींत व त्यास फुप्फुसांचीं भयंकर चित्रेंही दाखवीत नाहींत. सोडण्याचा दिवस रोग्याकडूनच ठरवून घेतात, तो त्याच्या कागदावर लिहितात, घरांतील राखदाणी व काडेपेटी त्या दिवशीं फेंकावयास सांगतात, आणि आठवड्यानें पुन्हा बोलावितात. मध्यें एखादी ओढली असें रोगी खालीं मान घालून सांगूं लागला कीं ते म्हणतात, "मी दोनदां नापास झालों आहें, तुम्ही एकदांच." तिसऱ्या दिवशीं दुपारच्या जेवणानंतर काय होतें हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलेलें नाहीं, आणि रोग्यास तें लगेच ओळखतें.

आपल्या देशांत डॉक्टरांचा प्रश्न मात्र थोडा बदलला पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा २८.६ लोक तंबाखूचें सेवन करणारे आढळले. त्यांत ओढणारे शेंकडा १०.७, पण खाणारे, चघळणारे व दांतांस लावणारे शेंकडा २१.४ होते. तेव्हां "सिगारेट ओढतां का?" एवढेंच विचारून भागत नाहीं. विडी वेगळी विचारावी लागते, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू वेगळी, आणि मिश्री तर फारच जपून. कारण सकाळीं मिश्री लावणाऱ्या आमच्या कित्येक आया-मावश्यांस ती तंबाखू आहे असें वाटतच नाहीं. त्यांच्या मतें तें दंतमंजन. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथें येणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचें मोठें कारण हें चघळणेंच आहे. २००२ सालीं देशांत तंबाखू सोडविण्याचीं तेरा केंद्रें निघालीं व पुढें तीं वाढत गेलीं. २०१६ पासून दूरध्वनीवरूनही सरकारी मदत मिळूं लागली. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ असा असून त्यास पैसे पडत नाहींत. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं कोणास गरज असेल त्यांनीं तो लिहून घ्यावा.

तो नववींतला मुलगा व्याख्यान संपल्यावर बराच वेळ दाराशीं घुटमळत होता, आणि डॉक्टरसाहेब निघाले तेव्हां त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेला. त्याचे वडील मालमोटार चालवितात व रात्रीं जागें राहण्यासाठीं विड्या ओढतात. त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. हा मनुष्य वडिलांस उपयोगी पडेल कीं नाहीं, एवढेंच त्यास पाहावयाचें होतें. पिता-पुत्रांच्या परवानगीनें आम्ही हें लिहीत आहों. वडील दवाखान्यांत गेले, दिवस ठरला, नऊ दिवस निभावले, आणि दहाव्या रात्रीं घाटांत गाडी बंद पडली तेव्हां सोबतच्या किन्नराकडून त्यांनीं विडी मागून घेतली. डॉक्टरसाहेबांनीं दुसरा दिवस ठरवून घेतला. हा मजकूर छापखान्याकडे जात असतां त्यास एकोणीस दिवस झाले आहेत, आणि पुढच्या मंगळवारीं त्यांस पुन्हा बोलाविलें आहे.